पंचनामा करणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खैरनार डॉक्टर पेशंटला "काय होतंय?" असं कधीही विचारत नाहीत. अख्ख्या नाशकातले डॉक्टर "काय होतंय?" विचारतात. माणूस म्हणतो पोट दुखतंय, डॉक्टर पोट बघतो, चिठ्ठी लिहितो, माणूस चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये येतो आणि सगळ्यांचं भलं होतं. आमच्या बाई विचारतात, "काय झालं?" तुम्ही म्हणाल, यात काय एवढा फरक? मीही आधी हेच म्हणायचो. अहो, "काय होतंय"चं उत्तर एका शब्दात देता येतं. "काय झालं"ला घरातलं सगळं बाहेर काढावं लागतं.

मी मोरे. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं मेडिकल आणि माझ्या डोक्यावर बाईंचा दवाखाना. वर लहान मुलांचा डॉक्टर म्हणजे तुझी लॉटरीच लागली, असं मला दुकान घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं. कसली लॉटरी! एकदा एक टेम्पोवाला चिठ्ठी घेऊन खाली आला. मुलगा एवढा मोठा होऊनही अंथरूण ओलं करतो, म्हणून त्याला टॉनिक हवं होतं. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'वडिलांनी ओरडणे बंद. गादी गॅलरीत वाळत घालताना शेजाऱ्यांना कारण सांगणे बंद. झोपताना मुलाच्या उशाशी बसणे, रोज, महिनाभर.' तो मला विचारतो, "हे तुमच्याकडं हाय, का दुसरीकडं बघू?" मी म्हटलं, बाबा, हे दुकानात मिळत असतं तर आधी मी माझ्या घरी नेलं असतं.

वर बाईंच्या खोलीतली फिरती मोठी खुर्ची पेशंटसाठी. पालकांना बालवाडीतल्या प्लास्टिकच्या बुटक्या खुर्च्या. माझा वर्गमित्र सुभाष लासलगावला कांद्याचा मोठा व्यापारी आहे, सहा फूट उंच, मार्केटात त्याच्यापुढे कुणी ब्र काढत नाही. तो नातीला घेऊन आला, तेव्हा गुडघे छातीला लावून बसला होता आणि नात वरती गरगर फिरत होती. "जरा खालून बघा," बाई त्याला म्हणाल्या. "तिला तुम्ही रोज असे दिसता." सुभाषला उठताना दोघांनी हात दिला.

वेटिंगमध्ये एखाद्या आईने "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" म्हटलं रे म्हटलं, की बाई हातातलं काम टाकून बाहेर येतात. "कुणाला टोचू? तुम्हाला? या." एक आजी तर खरंच घाबरून जिना उतरून माझ्या दुकानात येऊन बसली. नातवाचा ताप राहिला बाजूला, मला तिलाच पाणी द्यावं लागलं. लस देतानाही तेच. आया बिचाऱ्या "नाही दुखत हं, नाही दुखत" म्हणत असतात आणि बाई म्हणतात, "खोटं बोलू नका. दुखणार आहे रे राजा. दुखलं की चांगलं जोरात ओरड." मग पोरं अशी ओरडतात, की खाली माझ्या कपाटांच्या काचा वाजतात.

"बाई हुशार आहे, पण केस घेत नाही, पंचनामा करते," असं बाकीचे डॉक्टर हसत हसत म्हणतात. गिऱ्हाईकंही तुटली. आमच्या घरातल्या भानगडी हिला कशाला हव्यात, म्हणून माणसं तणतणत जिना उतरताना मी पाहिलीत. त्यातली बरीचशी परत येतात, कारण पोट परत दुखतं. "पोट खोटं बोलत नाही, मोरेभाऊ," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. माझ्या गल्ल्यासमोर उभं राहून हे म्हणायला त्यांना जरासुद्धा संकोच वाटत नाही.

पहिल्यापासून असं नव्हतं बरं का. मी दुकान टाकलं तेव्हा त्याही चारचौघांसारख्याच डॉक्टर होत्या. सिरप काय, ड्रॉप्स काय, भरघोस चिठ्ठ्या! काय दिवस होते! मग तीच ती मुलं परत परत यायला लागली. पोटदुखी, डोकेदुखी, दम. रिपोर्ट काढावेत तर सगळे स्वच्छ. एक मुलगी फक्त रविवारी उलट्या करायची. का, तर रविवारी वडील घरी असायचे. हे बाईंच्या लक्षात आलं आणि तिथून गाडी बदलली. पेठ-सुरगाण्याकडची माणसं द्राक्षाच्या कामाला येतात, त्यांच्या पोरांना बघायला बाई मळ्यांमध्ये जायला लागल्या. शाळांमध्ये जाऊन शिक्षकांना सांगायला लागल्या, की धास्तीत वाढलेलं मूल मोठं झालं तरी त्याचं शरीर धास्तीतच राहतं. पुढचं बीपी, शुगर, हार्टचं दुखणं बऱ्याचदा तिथूनच चालत आलेलं असतं.

हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकायला मला बरं वाटायचं. मग माझंच बीपी वाढलं. जवळ आहेत म्हणून बाईंकडे मोजायला गेलो, तर त्यांनी दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलंच, "काय झालं?"

"काय होणार? धंदा, टेन्शन."

"आत्ताचं नाही. लहानपणी."

मी हसलो. "लहानपण मजेत गेलं हो. आप्पांचा मार खाल्ला, तेवढाच काय तो."

बाईंनी पंप दाबायचा थांबवला. पट्टा माझ्या दंडावरच राहिला. कारण आप्पा म्हणजे बाईंचे वडील.

खैरनार सर, आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. सगळी शाळा त्यांना आप्पा म्हणायची, अर्थात त्यांच्यामागे. सटाण्याकडच्या अहिराणी मुलखातून आलेला माणूस, पण मराठी असं पुस्तकी बोलायचा, की आम्हाला उत्तर देतानाच घाम फुटायचा. आणि हातात छडी. आमच्या बॅचमधला कुणीही भेटला, की पाच मिनिटांच्या आत म्हणतो, आप्पांनी मारलं म्हणून आम्ही घडलो. आणि खरं सांगायचं, तर आमच्या बॅचच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांवरच माझं दुकान चालतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

आप्पा आता फार थकलेत. मुलीकडेच असतात. बाईंनी लग्न केलं नाही, घरात दोघंच. आप्पांना कधी सगळं आठवतं, कधी मुलगीसुद्धा ओळखू येत नाही. दुपारी ते दवाखान्यात येऊन मुलांमध्ये बाकावर बसतात आणि मुलं त्यांना बिस्किटं देतात. अधूनमधून आमच्यातला कुणीतरी टकला येतो, भर वेटिंगमध्ये पाया पडतो आणि म्हणतो, "सर, तुमच्या छडीची कृपा!" त्याच वेळी दाराआड त्यांची मुलगी कुणाच्या तरी बापाला सांगत असते, मारू नका.

यंदा आम्ही आप्पांचा सत्कार ठरवला. मी सेक्रेटरी, सुभाष अध्यक्ष. भेट काय द्यायची, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सुभाषला एकदम सुचलं, सरांना चांदीची छडी द्यायची! काय टाळ्या पडल्या! एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर फोटो कसा छान येईल, ते दिसायला लागलं. सुभाषने त्याच दिवशी सराफाला सांगून टाकलं.

बाईंना निमंत्रण द्यायला मी गेलो. म्हटलं, मुलगी म्हणून दोन शब्द बोला. छडीचंही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बोलेन," त्या म्हणाल्या. "पण घरातल्या छडीबद्दल बोलेन. चालेल?"

"घरातही...?" मी म्हटलं.

"घरात तर शाळा सुटतच नव्हती, मोरेभाऊ. दूध सांडलं, हात पुढे. वहीला डाग पडला, हात पुढे. रडलं, की दुसरा हात." त्या अगदी पेशंटची माहिती सांगावी तशा सांगत होत्या. "सगळ्या गावाच्या पोरांना मी विचारते, काय झालं. मला कुणी विचारलं नाही. एकदा त्यांच्यासमोर, चार माणसांत मला हे सांगायचंय. त्यांना समजतंय तोवर. माफी नको मला. त्यांनी फक्त 'हो, झालं' म्हणावं."

मी जिना कसा उतरलो, माझं मला माहीत. एकीकडे बाईंचं खरं होतं, एकीकडे म्हाताऱ्या माणसाची भर सभेत शोभा होणार होती. सुभाष फोनवर म्हणाला, "बाईंचं भाषणच काढून टाक." म्हटलं, तूच जाऊन सांग. तेव्हा त्याला लगेच दुसरा फोन आला. कार्यक्रमापर्यंत माझं बीपी इतकं चढलं, की गोळी वाढवावी लागली. मी अगदीच लाल दिसत होतो, म्हणून बाईंनीच मला मोठ्यांच्या डॉक्टरकडे तपासायला धाडलं होतं.

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम होता. आप्पांना फेटा बांधला, तो सारखा कपाळावर घसरत होता. भाषणं सुरू झाली. जो उठेल तो आपापला मार सांगत होता. एकाचं बोट छडीने कायमचं वाकडं झालेलं, तो ते वर करून सगळ्यांना दाखवत होता आणि हॉल खदखदून हसत होता. मीही हसलो. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. त्यांचं भाषण छडी दिल्यावर होतं. माझी नजर सारखी त्यांच्याकडेच जात होती.

सुभाष उठला. मखमलीच्या पेटीतून छडी काढली, फोटोग्राफरसाठी ती उंच धरली आणि तशीच धरून आप्पांकडे वळला. आप्पा उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता घेतील.

आप्पांनी उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं जुळवून ताठ, कोपर पोटाशी. आणि डोळे गच्च मिटून घेतले. असा हात कधी करतात, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नका मारू गुर्जी," आप्पा म्हणाले. "मी नही करं."

अहिराणीत. आम्ही त्यांच्या तोंडून ती भाषा उभ्या जन्मात ऐकली नव्हती. सुभाषचा हात वरच राहिला. "सर... सर, मी सुभाष," तो कसाबसा बोलला. त्याचा आवाज ऐकून आप्पांनी दुसरा हातही पुढे केला.

बाई व्यासपीठावर आल्या. मी माईक त्यांच्यासमोर धरला. मला मेल्याला तेवढंच सुचलं! त्यांनी माईककडे पाहिलंसुद्धा नाही. सुभाषच्या हातातली छडी काढून टेबलाखाली सरकवली, आप्पांना खुर्चीत बसवलं, स्वतः त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि त्यांचे दोन्ही तळवे हातात घेऊन त्यांवर हळूच फुंकर घातली. लहान मूल पडलं, भाजलं, की आई घालते तशी.

"गुर्जी गयात," त्या म्हणाल्या. "घर गयात."

आप्पांनी डोळे उघडले. मुलीकडे बराच वेळ बघत राहिले. तिला ओळखलं असं काही मला वाटलं नाही. माईक माझ्या हातात तसाच चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"तुले बी मारं का त्यास्नी?" त्यांनी विचारलं.

बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ तेवढी हलत होती.

"हां," त्या म्हणाल्या. "मले बी मारं."

आप्पांनी आपले हात सोडवून घेतले. बाईंचा हात धरून उलटा केला, तळवा तोंडाजवळ नेला आणि फुंकर घालायला लागले. तोंडात दात नाहीत, त्यामुळे फुंकर काही नीट जमत नव्हती. तरी ते घालत राहिले.