शिळं पाणी

आमच्या शेजारच्या दामलेकाकांकडे पाणी मागितलं की पेल्याबरोबर पाण्याचं वयही मिळतं. "घ्या, अब्जावधी वर्षांचं आहे. डायनासोरही प्यायलेत हेच." पाहुणा एक घोट घेतो आणि पेला खाली ठेवतो.

काका डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. रिटायर होऊन जमाना झाला, पण वर्ग काही सुटलेला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरचा विषय निघाला की हे बादली, पेला, चमचा घेऊन हजर. "ही बादली म्हणजे पृथ्वीवरचं सगळं पाणी. त्यात गोडं एवढं पेलाभर. त्यातून बर्फ आणि जमिनीखालचं वगळा. नद्या-तळ्यांचं उरतं त्यानं हा चमचाही भरत नाही."

"ते ठीक आहे काका," सेक्रेटरी म्हणतो, "पण टँकर किती वाजता बोलवू?"

खरं भांडण मात्र घरात चालायचं. मालतीकाकू सकाळी पाणी आलं की कालची कळशी ओतून नवी भरायच्या. आपल्याकडे रात्र उलटली की पाणी शिळं. मीही ओतते, खोटं कशाला बोलू? काका तणतणायचे, "अगं, समुद्राची वाफ, वाफेचा ढग, ढगाचा पाऊस, मग नदी, मग नळ. एवढं फिरून आलेलं पाणी तुझ्या ओट्यावर एका रात्रीत शिळं होतं?"

"होतं," म्हणून काकू ओतायच्या.

"ओत. जाणार कुठे? फेरी मारून येईल." चाळीस वर्षं, रोज.

गेल्या वर्षी काकू गेल्या. परवा काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. म्हटलं, जरा आवरून ठेवू. ओट्यावर कळशी होती, तोंडावर घट्ट ताटली, तळाला पेलाभर पाणी. मी ते तुळशीत ओतलं, कळशी चिंचेनं लख्ख घासली, ताजी भरून ठेवली. स्वतःवर अगदी खूश होते.

काका आले. काळा चष्मा वर करून त्यांनी कळशीत पाहिलं. "यातलं पाणी?"

"शिळं होतं काका. ओतलं."

ते खुर्चीत बसले. "तिनं भरलेलं होतं. शेवटचं," ते म्हणाले. "वाफ होऊन जाऊ नये म्हणून झाकून ठेवायचो. तरी कमी व्हायचंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठे ओतलंस?"

"तुळशीत."

काकांनी बाल्कनीत जाऊन कुंडीतली माती चाचपली. ओली होती. "मुळं ओढून घेतील. मग पानांतून वाफ होऊन वर जाईल," ते वर्गात सांगावं तसं म्हणाले. "जाणार कुठे? फेरी मारून येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी बाल्कनीतून डोकावले. मी भरून ठेवलेली कालची कळशी काका झाडांना थोडी थोडी घालत होते. तुळशीपाशी येऊन थांबले.

"होतं गं शिळं," ते तिला म्हणाले, आणि कळशी भरायला आत गेले.