डोंगरी सशाचे वसतिस्थान व वर्तन

ज्या प्राण्याची नोंद कागदावर होते तोच प्राणी अस्तित्वात असतो. बाकीचे नुसते जिवंत असतात.

१९६५ साली अबुधाबीतल्या एका तेल कंपनीत, दाभोळकडचा खैरुद्दीन कारकून होता. महिन्याचा रिपोर्ट टाइप करणे हे त्याचे काम. त्या महिन्यात डोंगरातल्या कॅम्पवरून साहेबाची चिठ्ठी आली. तीत फक्त तीन शब्द होते : ससा, लहान, रेअर. खैरुद्दीनने डिक्शनरी उघडली. रेअर म्हणजे दुर्मिळ. त्याने 'वन्यप्राणी' या रकान्यात 'लहान डोंगरी ससा, दुर्मिळ' असे स्वच्छ टाइप केले. (तो रकाना अकरा वर्षे कोराच जात होता. कोरा रकाना पाहून त्याला वाईट वाटे.)

कंपनीच्या लंडनच्या कचेरीतून तार आली : वसतिस्थान व वर्तन सविस्तर कळवा.

मग कॅम्पचा आचारी बदरुद्दीन शहरात आला आणि पोट धरून हसला. "अरे खैरू, तो ससा बर्फाच्या पेटीतून आलेला होता! आतून कच्चा राहिला, तुकडाही लहान पडला, म्हणून साहेबाने माझी कम्प्लेन लिहिली. कच्च्या मटणाला ते रेअर म्हणतात!"

खैरुद्दीन मच्छी खाणारा माणूस. मच्छी एकतर शिजते, नाहीतर मांजराला जाते. त्याला हा दुसरा अर्थ कोण सांगणार?

"आता चूक कबूल करू?"

"कर की. साहेब खलास, विलायतेला गेला. नवा आलाय, त्याला सांग."

खैरुद्दीन चूक सांगायला गेला, तेव्हा नव्या साहेबाच्या टेबलावर त्याच्याच रजेचा अर्ज होता. मुलगी शहनाझ तीन वर्षांची झाली होती आणि त्याने तिला पाहिले नव्हते. बायकोने, रुकय्याने, कळवले होते की पोरगी तुमच्या फोटोला मामा म्हणते. साहेब हिंदुस्तानीत म्हणाला, "खैरुद्दीन, पहले खरगोश, बाद में छुट्टी."

तो खोलीवर येऊन कोऱ्या फॉर्मसमोर बसला. खोलीत माणसे आठ, पंखा एक. नूरुद्दीन खाटेवरूनच म्हणाला, "खैरूभाय, तीन वर्षं इथं राहतोस, अजून कुणाचं वर्तन बघायचंय? यल्ला, चल, लिही!"

खैरुद्दीनने लिहिले. वसतिस्थान : अरुंद फट, एकेका फटीत आठ, पाठीला पाठ लावून. आहार : मिळेल तो, शक्यतो सुकवलेला. वर्षभर वस्तू गोळा करतो, पण स्वतः वापरत नाही, पत्र्याखाली साठवतो. ('पत्र्याच्या ट्रंकेत' लिहिले होते, ट्रंक खोडली.) आवाज : आपसात भरपूर, साहेबाची चाहूल लागताच बंद. पिलाच्या जन्मावेळी नर हजर नसतो. पुढे भेट झाल्यास पिलू त्याला ओळखत नाही. त्याबद्दल नर तक्रार करत नाही.

'आयुर्मान' हा रकाना त्याने प्रथमच कोरा सोडला.

लंडन हेलावले. इतके अचूक निरीक्षण तिथे कोणी वाचले नव्हते. आठवड्यात हुकूम आले. सशासाठी डोंगरात सावली व पाण्याची सोय करावी. एका फटीत दोनांहून अधिक ससे राहू नयेत, ते आरोग्यास घातक आहे. नराला पिलापासून दूर ठेवणे ही क्रूरता असून ती ताबडतोब थांबवावी. त्याप्रमाणे कॅम्पजवळ आठ सशांसाठी चार प्रशस्त कपारी बांधल्या गेल्या, वर ताडपत्री लावली गेली. ताडपत्री धरायला खोलीतले आठहीजण गेले होते. कपारीत वारा छान येत होता, असे सर्वांचे मत पडले.

शेवटचा हुकूम खैरुद्दीनबद्दल होता. सशाचा असा जाणकार दुसरा नाही; पिलांचा मोसम संपेपर्यंत त्याला रजा देऊ नये. मोसम कधी संपतो हे रिपोर्टात नव्हते, आणि ते लिहिणे खैरुद्दीनच विसरला होता.

तो दाभोळला पोचला तेव्हा शहनाझ साडेपाच वर्षांची होती. तिने दार उघडले, नीट पाहिले आणि आत ओरडली, "अम्मा, मामा आले!"

निरीक्षण अचूक ठरले. नराने तक्रार केली नाही.

इथे वाचक हळहळतील. त्यांनी एकदा वर जाऊन शीर्षक पाहावे. तिथे सशाऐवजी खैरुद्दीनचे नाव असते, तर ते इथवर आले असते का?