महाराणी जहाजाच्या दुरुस्त आठवणी

जी गोष्ट आपल्या वाट्याला कधी आलीच नाही, तिची आठवण सर्वांत जास्त टिकते. वाट्याला आलेली वापरून झिजते, कोपऱ्यांत दुमडते आणि शेवटी "जाऊ दे, तो विषय नको" म्हणून बाजूला पडते. न आलेली मात्र कोरी करकरीत राहते. याच तत्त्वावर आमचे 'महाराणी जहाज स्मरण मंडळ' गेली अकरा वर्षे उभे आहे आणि मी त्याचा मानद चिटणीस आहे.

'महाराणी' हे आमच्या बंदरातून सुटणारे शेवटचे मोठे प्रवासी जहाज. सात मजले, नाचघर, वाचनालय, पोहायचा हौद आणि तीन धुराडी. (तिसऱ्यातून धूर येत नसे. ते नुसते शोभेचे होते, म्हणून सभासदांचे सर्वांत लाडके तेच.) हे जहाज मोडीत निघाल्याला सत्तावन्न वर्षे झाली. मंडळाचे सभासद दोनशे चौदा. पैकी 'महाराणी'तून प्रवास केलेले : शून्य. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या जहाजातून केलेले : शून्य. खाडी ओलांडणाऱ्या होडीतून केलेले : नऊ. त्यांत उलटी झालेले : सात. उरलेल्या दोघांना सागरी उपसमितीवर घेतले आहे.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. "त्या काळी माणसं प्रवासाला निघत, हल्ली नुसती पोहोचतात," हे त्यांचे आवडते वाक्य. ते हे बहुधा पेशंटचे तोंड उघडे असताना म्हणतात. त्यामुळे या मताला आजवर कुणी विरोध केल्याची नोंद नाही. उपाध्यक्षा या निवृत्त मुख्याध्यापिका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो आणि दोन मिनिटे डोळे मिटून 'महाराणी' आठवतो. तिसऱ्या मिनिटाला चहा येतो.

गेल्या वर्षी मंडळाने दोन ठराव केले. एक, बंदराच्या दाराशी संगमरवरी स्मृतिफलक बसवायचा. दोन, त्या समारंभाला असा प्रमुख पाहुणा आणायचा की ज्याने 'महाराणी'वर प्रत्यक्ष पाय ठेवला आहे. दुसरा ठराव उत्साहाच्या भरात झाला होता, हे मागाहून ध्यानात आले. आम्ही वर्तमानपत्रात निवेदन दिले. तीन महिन्यांत एकच उत्तर आले. लिहिणाऱ्याच्या आजोबांचे जहाज चुकले होते. (त्यांचाही छोटा सत्कार केला.)

एके दिवशी मी घरी जेवताना ही अडचण बोलून दाखवली.

"अहो, मग मामांना न्या ना," बायको पोळी वाढत म्हणाली.

"मामांचा काय संबंध?"

"चार वर्षं होते की ते महाराणीवर. लग्नाआधी."

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. आमच्या मागच्या खोलीत ते बत्तीस वर्षे राहतात. ते तरुणपणी 'बाहेर नोकरीला' होते एवढे मला माहीत होते. बाहेर म्हणजे कुठे, हे मी विचारले नव्हते आणि ते जेवताना बोलत नसत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. मी समोर पाहिले. मामा ताकाची वाटी संपवत होते.

"मामा, तुम्ही महाराणीवर होता?"

"महाराणी? आम्ही भट्टी म्हणायचो," मामा म्हणाले आणि वाटी घासायला घेऊन गेले.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीने त्यांची मुलाखत घेतली. ती मी इतिवृत्तात शब्दशः नोंदवली होती. पुढे ती वगळण्याचा ठराव झाला म्हणून इथे देतो.

अध्यक्षांनी विचारले, "कितव्या मजल्यावर होता आपण?"

"सगळ्यात खाली. धुलाईखान्यात. पाण्याच्या पातळीच्याही खाली."

"तिथून समुद्र कसा दिसे?"

"दिसायचा नाही. ऐकू यायचा."

मुख्याध्यापिकाबाईंनी घसा साफ केला. "पण भोजनगृह तर पाहिलं असेल ना? काय थाट असेल!"

"पाहिलं नाही कधी. टेबलक्लॉथ ठाऊक आहेत. बावीस फुटी. रोज चार हजार नॅपकिन यायचे. सोमवारी बीट, बुधवारी टोमॅटो, शनिवारी तांबडी दारू. दारूचा डाग गार पाण्यात जातो, बाई. गरम पाणी घातलंत की बसला कायमचा."

बाईंनी हे वहीत उतरवून घेतले. मंडळाच्या अकरा वर्षांच्या कामकाजातून घरोघरी पोहोचलेली ही एकमेव उपयुक्त माहिती होय.

मग मामा स्वतःहून बोलले. इतके सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"माझ्याबरोबर एकजण होता. डावखुरा, म्हणून सगळे डावऱ्या म्हणायचे. आम्हा दोघांना मिळून झोपायला एक फळी. तो कामाला गेला की मी झोपायचो, मी गेलो की तो. चार वर्षांत अंथरूण कधी गार लागलं नाही. एकदा आडवा झालो तर गार. म्हणजे हा झोपायला आलाच नव्हता. शोधत गेलो, तर इस्त्रीच्या यंत्रापाशी पडलेला. उकाड्यानं गेला. पहाटे पाण्यात सोडला, वरच्यांचा नाश्ता व्हायच्या आत. गुंडाळायला बाद झालेला टेबलक्लॉथ दिला होता. तो मी इस्त्री करून आणला."

बाईंनी वही मिटली.

"त्यासाठी जहाज थांबलं का हो?" सागरी उपसमितीने विचारले.

"हळू झालं. तेवढंच." मामांनी गुडघ्यावरचा हात उचलला. "तुम्ही दगड लावताय असं जावईबापू म्हणाले. त्यावर त्याचं नाव घाला. माझा सत्कार नाही केलात तरी चालेल."

विनंती गंभीर होती, म्हणून ती गंभीरपणे हाताळण्यात आली. म्हणजे मामांना चहा देऊन बाहेर बसवण्यात आले. फलकावर तोवर कप्तान, चार रचनाकार, अकरा नामवंत प्रवासी आणि एका बाईंचा कुत्रा यांची नोंद ठरली होती. (कुत्र्याचे स्वतंत्र तिकीट होते. पुरावा उपलब्ध आहे.) एक ओळ शिल्लक होती. चर्चेत पुढील मुद्दे निघाले : 'डावऱ्या' हे टोपणनाव असून संगमरवराला शोभणारे नाही, जुन्या यादीत अधिकाऱ्यांखालची माणसे 'इतर, सहाशे चाळीस' अशी असल्याने हा इसम त्यांतला नेमका कोण हे सिद्ध होत नाही, आणि सुवर्णकाळात उकाड्याने कुणी मरत नसते.

मी बाहेर जाऊन मामांना विचारले, "त्याचं खरं नाव काय होतं?"

"सांगितलं होतं त्यानं एकदा. पण त्याची उठायची वेळ ती माझी झोपायची वेळ. मी अर्धवट झोपेत होतो," मामा म्हणाले. "पुन्हा विचारायचं राहिलं."

ठराव आठ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळण्यात आला. एकजण तटस्थ राहिला. तो मी. (चिटणिसाने मत द्यायचे नसते, हा नियम मला नेमका त्याच क्षणी आठवला.) उरलेल्या ओळीत 'तो काळच वेगळा' असे कोरायचे ठरले.

"बरं," मामा एवढेच म्हणाले. घरी येताना मी त्यांच्या दोन पावले पुढे चालत होतो. बरोबरीने चालायचे धाडस झाले नाही.

समारंभासाठी बाईंनी मामांचे भाषण टाइप करून पाठवले. त्यात चौदा वाक्ये होती. पैकी नऊ वाक्यांत चांदणे होते.

"हे कुणाचं भाषण?" मामांनी चष्मा लावून विचारले.

"तुमचंच, मामा."

त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. "छान बोललो असतो की मी," म्हणाले.

फलक अजून पाथरवटाकडेच होता, म्हणून समारंभ बॅडमिंटनच्या हॉलमध्ये झाला. भिंतींवर पुठ्ठ्याच्या गोल खिडक्या लावल्या होत्या. त्यांतून निळा समुद्र दिसत होता आणि एकीतून 'बूट बाहेर काढा' ही पाटी. एकशे दहा पाहुणे कोट आणि लांब झगे घालून आले. सहाच्या ठोक्याला भोंगा वाजला, हॉल बंदरातून सुटला आणि त्याच मिनिटाला भाड्याने आणलेल्या नॅपकिनचे गाठोडे उघडले. एकशे दहाच्या एकशे दहा नॅपकिनांचे बोळे झाले होते.

"चुरगळलेल्या नॅपकिनावर सुवर्णकाळ बसत नाही!" अध्यक्ष दातओठ खात म्हणाले. दात हा त्यांचा विषयच.

मामा व्यासपीठावर बसले होते. त्यांनी बोळ्यांकडे पाहिले. मग उठले, गाठोडे खांद्यावर टाकले आणि मागच्या मुदपाकखान्यात गेले. जाताना माझ्या खिशातले कापडावर लिहायचे पेन मागून घेतले. (मी ते पाहुण्यांच्या छातीवरच्या पट्ट्यांसाठी आणले होते.)

कार्यक्रम वेळेत चालवणे हे चिटणिसाचे कर्तव्य. त्यामुळे प्रमुख पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांविना झाला. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवण्यात आला. बाईंनी मामांचे भाषण स्वतः वाचले. चांदण्याला टाळ्या पडल्या. खुर्चीने सत्कार नम्रपणे स्वीकारला. मामा तिथे असते तर सगळे याहून सुरळीत झाले असते, असे मला वाटत नाही.

मी आत गेलो. मामांनी एक जुने दार दोन स्टुलांवर आडवे टाकले होते, वर कांबळे, हातात घरगुती इस्त्री. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. एक्याऐंशीव्या वर्षी हा माणूस ताठ उभा होता आणि नॅपकिन पत्त्यांसारखे पडत होते. घडी, दाब, पलट, घडी.

"मामा, बसा हो. मी करतो."

"पाच मिनिटं, जावईबापू. शेवटचे बारा. आणि तुम्ही कराल तर कड भाजेल."

नॅपकिन टेबलांवर गेले. हॉलमध्ये एकदम कुजबुज उठली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या शाईने एक खूण होती : उलटा तीनचा आकडा आणि खाली टिंब.

"अहो, हे तर महाराणीचं बोधचिन्ह!" कुणीतरी ओरडले. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी उपस्थितांना समजावून सांगितले की, वरची वळणे म्हणजे वाऱ्याने फुगलेली शिडे आणि खालचे टिंब म्हणजे मावळता सूर्य. (वाफेवर चालणाऱ्या जहाजाला शिडे कशाला, असे कुणीही विचारले नाही. उच्च अभिरुचीचे ते लक्षण आहे.) त्या दिवशी वाटलेले नॅपकिन : एकशे दहा. परत आलेले : शून्य. चार तर चौकटीत बसवून दिवाणखान्यात लागले आहेत.

घरी जाताना या खेपेला मी मामांच्या बरोबरीने चाललो.

"ती खूण कसली, मामा?"

"धुलाईवाल्या प्रत्येकाची एक असायची. कापड कुणाच्या हातून गेलं ते कळावं म्हणून. ही त्याची."

मी थांबलो. "उद्याच सांगतो मंडळाला."

"कशाला? पुसून टाकतील." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "शाई पक्की आहे ना?"

"पक्की आहे."

"मग झालं तर."

पुढच्या सभेत ती खूण मंडळाचे अधिकृत चिन्ह म्हणून एकमताने मंजूर झाली. फलकावर ती सर्वांत वर, कप्तानाच्याही डोक्यावर, एक फूट उंचीची कोरली आहे. मी मामांना पाहायला घेऊन गेलो. ते बराच वेळ दगडासमोर उभे होते. "जरा तिरकं आलंय," म्हणाले. "पण त्याचंही तिरकंच यायचं." मग त्यांनी रुमाल काढला. मी दुसरीकडे पाहिले.

हल्ली मी जेवताना त्यांना रोज एक प्रश्न विचारतो. ते उत्तर देतात. अनुशेष बत्तीस वर्षांचा आहे.

मंडळाचे कार्य मात्र थांबलेले नाही. सभासदत्वाच्या नव्या अर्जात एकच प्रश्न आहे : 'आपण महाराणीवर असता, तर कुठे असता?' आजवरच्या सर्व दोनशे चौदा सभासदांनी 'पहिला वर्ग, वरचा मजला, समुद्राकडची खुर्ची' असेच भरले आहे. जहाजावर तशा खुर्च्या चाळीस होत्या, पण ती व्यवस्था उपसमिती पाहील. आपण इथवर वाचत आलात, म्हणजे आपल्यालाही या विषयाची गोडी आहे. तेव्हा आपल्याला त्रास नको म्हणून आपला अर्ज मीच भरून ठेवला आहे. उत्तर आपल्याला विचारायची गरज वाटली नाही. त्यात काही चूक झाली असेल, तर कृपया पत्राने कळवावे. (अद्याप कुणी कळवलेले नाही.)