लांबच्याची काळजी

जाधवकाका आमच्याकडे चहाला आले की दोन कप मागायचे. दुसरा प्यायला नव्हे, पहिल्याचा रंग ताडून बघायला. "शेजारी ठेव, मग बोल," हे त्यांचं पालुपद. डोंबिवलीतल्या रंगाच्या कारखान्यात प्रत्येक नवी बॅच नमुन्याशेजारी धरून पास-नापास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही सवय सुटेना. सोसायटीचं रंगकाम काढलं तेव्हा रंगाऱ्याने त्यांना खाली उभं बघून दुसऱ्या विंगेपासून सुरुवात केली.

मग त्यांना क्वेसार सापडला. म्हणजे फार लांबच्या एका आकाशगंगेचा धगधगता गाभा. दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो आणि त्याचा उजेड कमीजास्त होत राहतो. मुरबाडकडे मित्राची दुर्बीण होती, तिथले फोटो सकाळी काकांच्या कॉम्प्युटरवर यायचे. फोटोतला न बदलणारा एक तारा नमुना म्हणून धरायचा आणि त्याच्याशी क्वेसारचा उजेड ताडायचा, हा काकांचा उद्योग. त्याला ते 'लांबचा' म्हणत. "लांबचा आज उतरलाय गं," असं जिन्यात सांगायचे, घरात कुणी आजारी असल्यासारखं.

हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूससुद्धा नव्हता, आता काळजी करून काय होणार, असं मी एकदा म्हटलं.

"म्हणून काय चौकशी करायची नाही?"

मध्ये आठवडाभर लांबचा उतरतच गेला. काकांची झोप उडाली. शेवटी मित्राने तपासलं, तर लांबचा होता तसाच होता. काकांनी हौसेने निवडलेला नमुन्याचा तारा स्वतःच उजळत चालला होता. काका दोन दिवस जिन्यात दिसले नाहीत.

त्याच सुमारास मी काकांच्या बायकोला, मंदाकाकूंना, बघून दचकले. गळ्याची हाडं वर आली होती. काका चहाला आले तेव्हा त्यांना म्हटलं, डॉक्टरांना दाखवा.

"काही झालेलं नाही तिला. रोज सकाळी बेसिनच्या आरशात शेजारीशेजारी असतो आम्ही. तशीच आहे ती."

त्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

"काका, तुम्ही तरी कुठे तसे राहिलात?"

ते चहा अर्धा ठेवून उठले. मी मागोमाग त्यांच्या घरी गेले. काकू पलंगावर लसूण सोलत बसल्या होत्या. काकांनी मला त्यांच्याजवळ बसायची खूण केली आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. बराच वेळ. काकूंना काय चाललंय ते समजलं असावं. त्यांनी ताटली बाजूला सारली.

"यांना कसं कळणार, मीनल," त्या म्हणाल्या. "मला अर्ध्या भाकरीपुढे जात नाही, तर हेही अर्ध्यावरच उठतात. पोट भरलं म्हणतात."

 काका दाराशी जाऊन चपला घालायला वाकले, एक पाय सरकवला आणि भिंतीला धरून तसेच उभे राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "साडी असू दे हीच. चल."