बेचाळीस बटणांचं घर

नव्या घराच्या वायरिंगचा नकाशा सुभेदार लालासाहेबांनी स्वतःच्या हातानं काढला, आणि तो बघून वायरमन सिकंदर शिकलगार मटकन सिमेंटच्या पोत्यावर बसला.

“सुभेदारसाब, ह्यात खोल्यांत बटणंच न्हाईत.”

“न्हाईत.”

“मंग दिवं लागायचं कसं?”

“हितनं.” लालासाहेबांनी सोप्याच्या भिंतीवर खडूनं दाराएवढा चौकोन ओढला. “साऱ्या घराची बटणं एका जागी. बेचाळीस.”

लालासाहेबांनी अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढली होती. एका टेबलावर बसून अख्ख्या ब्रिगेडचे फोन जोडले होते. असा माणूस रिटायर होऊन पलूसला परत आला आणि बघतो तर घरात शिस्त म्हणून नाही. मोरीत कुणी नाही, दिवा चालू. देवघरात देव बसलेले, पण पंखा कुणासाठी फिरतोय ते देवालाही ठाऊक नाही. मुलगा नोकरीला परगावी, म्हणून त्यांनी बायकोची आणि सुनेची रीतसर चौकशी लावून पाहिली. जबाब दोघींचे एकच, “आमी न्हाई बाई.” तेव्हा त्यांनी ठरवलं, बटणंच हाताखाली घ्यायची.

“वायर लय लागंल,” सिकंदर म्हणाला.

“लागू दे.”

लागली. इतकी लागली, की ताणून धरली असती तर एक टोक पलूसला बांधून दुसरं तासगावच्या गणपतीला पाच प्रदक्षिणा घालून आलं असतं. आता हे थोडं वाढवून सांगितलं. प्रदक्षिणा तीनच होत्या.

वास्तुशांत झाली, पाहुणे बोर्ड बघून थक्क होऊन गेले, आणि संध्याकाळ झाली. लालासाहेब बोर्डापुढं खुर्ची टाकून ऐटीत बसले. आतून अंजनाबाईंचा आवाज आला, “आवं, सैपाकघर!” टिक. माडीवरून सूनबाई संयोगिता, “मामंजी, जिना!” टिक. “आवं, मोरी!” टिक. “आवं, मोरी म्हनलं मी, कोठीची खोली न्हाई!” टिक, टिक.

आठ दिवसांत सुभेदारांच्या ध्यानात आलं, की घरातले सगळे दिवे आपल्या ताब्यात आहेत, म्हणजे आपणच सगळ्या दिव्यांच्या ताब्यात आहोत. पारावर जाऊन बसायची सोय उरली नाही. शेजारचे जोतिबाअण्णा फाटकातून हाक मारत, “सुभेदार, येताय न्हवं?” आणि सुभेदार खुर्चीतूनच ओरडत, “ड्यूटीवर हाय!” दुपारी डोळा लागला, की स्वयंपाकघरातून पंख्याची मागणी यायची. बरं, चुकलं आमचं म्हणावं तर तोंड कुणाला दाखवायचं? नकाशावर खाली स्वतःची सही होती.

त्यात ओरडण्याचा घोटाळा होऊ लागला. कुकरच्या शिट्टीत “मोरी” ऐकू येईना आणि संयोगिता अंधारात साबण शोधत बसे. मग सुभेदारांनी फौजी डोकं चालवलं. सिकंदरला पुन्हा बोलावणं गेलं.

“दर खोलीत एक बेलचं बटण बशीव. बेल वाजंल हितं, माझ्या कानाशी. एकदा वाजली की सैपाकघर, दोनदा मोरी, तीनदा देवघर. समजलं?”

सिकंदरनं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. “सुभेदारसाब, रागावू नगा. बेलच्या बटणासाठनं दर खोलीची भिंत फोडायचीच हाय, तर तितंच दिव्याचं बटण बशिवतो की.”

“मंग बोर्डाचं काय राह्यलं?”

“व्हय,” सिकंदर म्हणाला, “त्येबी खरंच हाय.” आणि त्यानं छिन्नी उचलली.

हे काम चालू असताना लालासाहेब घरात नव्हते. मिरजेला त्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि धुळीत यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा पंधरा दिवस ते बहिणीकडं राहिले. परत आले तर भिंती लिंपून, रंगवून तयार. बेल एकदम खणखणीत. पहिल्याच संध्याकाळी ती सदतीस वेळा वाजली, आणि सुभेदारांना थेट ब्रिगेडची आठवण आली.

येणारे-जाणारे कौतुकानं बटणं टिकटिकवत, म्हणून त्यांनी बोर्डाला काचेचं दार लावलं आणि दाराला कुलूप. किल्ली सदऱ्याच्या खिशात.

असं चाललं असताना वाईहून पत्र आलं. जुन्या सिग्नलवाल्यांचा मेळावा. पंधरा वर्षांनी सगळे भेटणार होते, आणि लालासाहेबांचा सत्कार होता. सियाचीनच्या पायथ्याला बर्फात पुरलेली लाईन त्यांनी दातांनी सोलून जोडली होती, त्याबद्दल. (दातांनी नव्हे, पकडीनं, पण वाईपर्यंत पोचेतो पकडीचे दात झाले होते.) सुभेदारांनी पत्र तीनदा वाचलं, मग बोर्डाकडं बघून घडी करून ठेवलं.

“जाणार न्हाई,” ते म्हणाले.

“का जाणार न्हाई?” अंजनाबाई पदर खोचून पुढं आल्या. “पंधरा वरसं त्येच बोलताय. आता शाल घालायला माणसं बोलवत्यात तर म्हणं जाणार न्हाई!”

“आणि हितलं कोण बघणार?”

“आमी अंधारात बसू एक रात. आमच्या आज्या काय ट्यूबखाली जन्मल्या व्हत्या?”

“तसं नगो. मी लिहून ठेवतो.”

सुभेदारांनी चार पानी हुकूम लिहिला. कोणता आकडा कुणाचा, पंखा आधी की दिवा आधी, चौदा नंबरला हात का लावायचा नाही. संयोगिताला दोनदा पाठ म्हणायला लावला. निघताना सवयीनं सगळी बटणं बंद केली, काचेला कुलूप घातलं, टोपी-मेडलं घेऊन ते एस.टी.त बसले.

वाईच्या कार्यालयात पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. नदीकडच्या बाजूनं गार वारा येत होता, जुने सोबती पोटं सावरत एकमेकांना कडकडून भेटत होते. कॅप्टन नाथाजी, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी लालासाहेबांना मिठी मारली. डोळे पुसायला लालासाहेबांनी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली.

सुभेदारांचा चेहरा उतरला. घर अंधारात. बायको, सून, आणि काचेमागं कुलपात बेचाळीस बटणं. कुलूपही असलं निवडलेलं, की फोडायला तोफ लागावी. सातला सत्कार. पलूसची गाडी पकडायची तर आत्ताच उठायला हवं.

“नाथाजीसाहेब, मला जायला पायजे.”

“खुळा हायस का? शाल?”

“शाल पोस्टानं धाडा. घरी बायामाणसं काळोखात हायती, माझ्यामुळं.” त्यांनी पिशवी उचलली. तेवढ्यात फोन वाजला. संयोगिताचा व्हिडिओ कॉल.

“मामंजी, आत्तींना तुम्हाला मेडल लावलेलं बघायचंय!”

पडद्यावर दोघी होत्या. चेहरे लखलखीत. मागं स्वयंपाकघर असं उजळलेलं, जणू लग्नाचा मांडव.

“मागं काय पेटलंय?” लालासाहेब म्हणाले.

“ट्यूब की.”

“कुणी लावली?”

अंजनाबाईंनी सुनेकडं बघितलं, सुनेनं अंजनाबाईंकडं.

“किल्ली माझ्याकडं हाय,” सुभेदारांनी पडद्यासमोर किल्ली धरली. “ट्यूब कुणी लावली?”

“कॅलेंडरनं,” संयोगिता बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मग सगळं बाहेर आलं. बेलचे पाईप घालताना सिकंदरनं त्याच पाईपातून दोन तारा जास्तीच्या ओढल्या होत्या. दर खोलीत बटण होतं. एक कॅलेंडरमागं, एक मांडणीमागं, मोरीतलं आरशाच्या आड. दिवा तिथूनही लागे आणि बोर्डावरूनही.

“मंग तीन महिनं मला बेल कशाला मारताय?”

अंजनाबाईंनी फोन हातात घेतला. “खरं सांगू? तुमी रिटायर हून आला, आन सैपाकघरात उभं राहून भाकरीचा घेर मोजाया लागला. सूनबाईला भांडी उंचीपरमानं लावाया सांगितली. तुमास्नी बसाया एक जागा पायजे व्हती, आन आमास्नी सैपाकघर. बेल मारली की तुमी तितंच. आता रागावा, नायतर काय बी करा. पर आदी त्ये मेडल दावा.”

सुभेदारांनी मेडलं दाखवली. दुसरं काय करणार होते? मग पिशवी खाली ठेवली, स्टेजवर गेले, शाल घेतली, आणि भाषण सुरू केलं. बर्फाची गोष्ट पाठ होती, पण तोंडातून दुसरीच निघाली. बेचाळीस बटणं, कुलूप, बेल, कॅलेंडर. “अठ्ठावीस वरसं मी दुश्मनाची लाईन पकडली,” ते म्हणाले, “आणि माझ्या सोप्यातनं गेलेल्या दोन तारा मला दिसल्या न्हाईत. ही शाल खरं म्हणजे सिकंदर शिकलगाराला पायजे!”

सभागृह खदखदून हसलं. मग हसू हळूहळू कमी झालं. तिसऱ्या रांगेत एकजण गंभीर होऊन फोन लावू लागला. त्याच्याकडं घरी फाटकाच्या कुलपाची ड्यूटी होती. मग दुसरा उठला, हा रोज दुधाचं फॅट तपासून सांगायचा. बघता बघता अर्धी पलटण भिंतीकडं तोंड करून फोनवर बोलत उभी राहिली. “काय म्हणालीस? डेअरीवाले पुन्हा तपासत्यात? मग मी कशाला?...”

नाथाजी फोन ठेवून लालासाहेबांच्या शेजारी येऊन बसले.

“काय झालं, साहेब?”

“धा वरसं रोज पाचला उठून पाण्याची मोटर चालू करतोय मी. सून म्हणती, आठ वरसं झाली, ती आपोआपच चालू हुतीया.”

“मंग आता?”

नाथाजींनी जिलेबीचं ताट पुढं ओढलं. “उद्याबी उठणार. पोरीला वाईट वाटाय नगो, मला सांगून बसली म्हणून.”

लालासाहेबांनी मान हलवली आणि घरी फोन लावला. “उद्या दिवेलागणीच्या आत येतो. तंवर बोर्डाला कुणी हात लावू नका.”

“न्हाई लावत,” अंजनाबाई म्हणाल्या. “पर टायमाला या. गडीमाणसाबिगर घर कसं उजळायचं?”

आणि त्यांच्या मागं कुठंतरी टिक झालं.