सदतिसाव्या प्रश्नाचं भोक

सूनबाईला शंभरपैकी शंभर पडले, तेव्हा नवऱ्याने पेपर दोनदा तपासला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासला. सासूबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि कधी नव्हे ते स्वतःहून त्यांनी टीव्ही बंद केला.

"सगळे बरोबर?"

"सगळे. आणि हे बघ, आई." नवऱ्याने पान दिव्यासमोर धरलं. "सदतिसावा प्रश्न खोडून खोडून फाटलाय. इथे प्रश्न नाहीच, नुसतं भोक आहे. तरी हिने 'क' लिहिलंय. आणि मागच्या उत्तरसूचीत 'क'च आहे."

"प्रश्न नसताना उत्तर," सासूबाई पुटपुटल्या आणि त्या भोकातून त्यांनी पलीकडे बसलेल्या सुनेकडे पाहिलं. जणू तिला पहिल्यांदाच पाहत होत्या.

कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. लेकीच्या, बिट्टीच्या, जन्मावेळी सुटलेली नोकरी पुन्हा काही धरता आली नव्हती, आणि सूनबाईने घरात सांगून टाकलं होतं, की हा एकच प्रयत्न. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढणार नाही. वकील नणंदेने आपले तीन जुने सराव पेपर आणून दिले होते. त्यातल्या दोनांवर बिट्टीने हत्ती काढले. उरलेला एक सूनबाई पेन्सिलीने सोडवायची, बिट्टीच्या खोडरबराने खोडायची आणि पुन्हा सोडवायची. पहिल्यांदा चव्वेचाळीस पडले, मग एकसष्ट, मग ब्याऐंशी. गॅस बंद केलाय की नाही हे तीनतीनदा बघणारी ती बाई; आपल्या डोक्यात एवढा उजेड इतकी वर्षं कुठे दडून बसला होता, याचा तिला स्वतःलाच अचंबा वाटत होता.

शंभर पडल्यावर तर घराचा नूरच पालटला. सासूबाईंनी तिच्या हातातली घासणी काढून घेतली. "एवढं डोकं साबणाच्या पाण्यात नको घालूस." नवराही जपून बोलू लागला. खिडकी उघडावी की नको, हेसुद्धा तो तिला विचारून ठरवू लागला.

मग एका दुपारी ती मटार सोलत बसली असताना बिट्टी पेपर घेऊन समोर येऊन बसली. बिट्टी साडेचार वर्षांची. अक्षरं अजून ओळखता येत नव्हती, आकडे मात्र येत होते.

"सतरा," बिट्टी म्हणाली.

"ब."

"अठरा."

"ड."

"सदतीस."

"क," सूनबाई म्हणाली, आणि मटाराची शेंग हातातच राहिली. सदतिसावा प्रश्न होता काय? भाडेकरूचा? कराराचा? तिने आठवून पाहिलं. डोक्यात प्रश्न नव्हताच. तिथे एकटा 'क' लख्ख बसला होता. सतराव्याची तीच गत, अठराव्याचीही तीच.

"आता तू विचार," बिट्टी म्हणाली.

"...एकोणऐंशी?"

"अ."

"त्रेपन्न?"

"ड. सोप्पं आहे."

बिट्टीला आंघोळ घालताना, वेणी घालताना, कुकर लावताना सूनबाई उत्तरं पुटपुटत असायची. पोरीने ती गाण्यासारखी उचलली होती. हे तिच्या ध्यानात यायला आणि सासूबाई दारात यायला एकच गाठ पडली. सासूबाईंनी पेपर ओढून घेतला, चष्मा लावला आणि बिट्टीला पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारलं. शहाण्णव.

त्या मटाराच्या टोपलीशेजारीच खाली बसल्या. "हिला अजून वाचतासुद्धा येत नाही."

"आई, तसं नाही हो ते. तिला नुसतं पाठ झालंय. मलासुद्धा."

"शंभरच्या शंभर पाठ?" सासूबाईंचे डोळे आणखी मोठे झाले. "मला माझा फोननंबर पाठ होत नाही."

कबुली देऊन दरारा वाढतो, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बातमी जिना उतरली आणि खालच्या मजल्यावरचे कंपाउंडरकाका आले. त्यांना जुन्या स्कूटरचं काय करावं, ते सुचत नव्हतं.

"विचारा हिला," सासूबाई म्हणाल्या.

"नंबर सांगा," बिट्टी म्हणाली.

काका गोंधळले. त्यांनी आपल्या घराचा सांगितला. "अठरा."

"ड."

काकांनी बोटं मोजली. "विकावी, हे अ. ठेवावी, ब. भाच्याला द्यावी, क. ड म्हणजे... वरीलपैकी एकही नाही." "फारच खोल आहे हो पोरगी," असं म्हणून ते चपला हातात घेऊनच खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने नणंदेला फोन केला. नणंद आली ती कोरा करकरीत पेपर घेऊन. सूनबाई सोडवायला बसली. प्रश्न नवे होते, पण हात जुनेच अक्षर लिहायला धावत होता. अडतीस पडले.

"बिट्टीने तुझं गाणं म्हटलं, तर या पेपरात तिला सव्वीस पडतात," नणंद हिशेब करून म्हणाली. "म्हणजे दोघींत फार अंतर नाही."

"ताई, मी नाही बसत परीक्षेला."

"बसशील. जुना पेपर वाईट नसतो गं, तू त्याला भलतंच विचारतेस. उत्तर तर तुला येतंच. सतरा, ब. आता सांग, अ का नाही?"

सूनबाई जुन्या पेपरातला सतरावा प्रश्न पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचू लागली.

"का नाही?" बिट्टीने विचारलं. तिला हा खेळ गाण्यापेक्षा बरा वाटला.

मग घरात 'का नाही'चं राज्य सुरू झालं. कपडे घडी करताना, नखं कापताना, प्रत्येक आकड्याला तीनतीनदा 'का नाही?'. सूनबाई आधी अडखळली, चिडली, एकदा रडलीसुद्धा. मग हळूहळू तिला दिसायला लागलं. एका साध्या वाक्यात 'फक्त' हा शब्द कुठे बसलाय, यावर एखाद्या माणसाचं घर राहतं किंवा जातं. हे सगळं त्याच पानावर होतं, रोज तिच्या डोळ्यांसमोर, आणि ती त्यावरून खोडरबर फिरवत होती. कधी कधी ती वाचता वाचता थांबून नुसती बघत राही.

सदतिसाव्याला प्रश्नच उरला नव्हता. तो तिने स्वतः रचला: घरमालक, भाडेकरू आणि दोघांत सामाईक असलेला नळ. चार उत्तरं रचली, 'क' बरोबर ठेवलं. बिट्टीने बाकीच्या तिन्ही उत्तरांना 'का नाही' विचारून पाहिलं. तिन्ही वेळा सूनबाईला सांगता आलं. बिट्टी भोकातून आईकडे एका डोळ्याने बघत होती.

निकाल लागला. त्र्याहत्तर, आणि प्रवेश मिळाला. नवऱ्याने यादी तीनदा तपासली. सूनबाई खुर्चीत बसून होती.

सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. ऐन वेळी कुणाचंही बिघडतं. घरी तर शंभर पडायचे, भोकासकट." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं, आता भांडी तेवढी घासून घे."

सूनबाई उठली. बिट्टी तिच्या पदराला धरून मागोमाग आली आणि मोरीसमोर थांबली.

"आईच का?" तिने विचारलं. "बाबा का नाही? आजी का नाही?"

नवरा आत आला आणि त्याने बाह्या वर सारल्या.