बाहेर पडायचं दार

जयमालाच्या लग्नाला आठवडाही उरला नव्हता, आणि तिचे वडील किसनराव मोईजच्या मंगल कार्यालयात एका पोरसवदा इंजिनिअरवर डाफरत होते. शिवम तायडे त्याचं नाव. आगीच्या बंदोबस्ताची तपासणी करायला तो मोताळ्यात आला होता आणि त्यानं टेप लावून सगळा हॉल मोजून काढला होता.

"काका, हॉलला दार एकच आहे. बाहेर पडायला दोन लागतात, तीही एकमेकांपासून लांब. नाहीतर इथं लग्न लावता येणार नाही."

"मंग कुठं लावू? तुह्या हापिसात?"

कार्यालयाचा मालक मोईज मध्ये पडला. "साहेब, दाराले दोन फळ्या हायेत ना. दोन फळ्या म्हंजे दोन दारंच झाले."

शिवमनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "माणसं किती येणार, काका?"

"चूलबंद आवतन देलं हाये."

चूलबंद म्हणजे त्या घरातल्या सगळ्यांनी लग्नाला यायचं, चूल पेटवायचीच नाही. आता चुलींवरून माणसं कशी मोजायची, हे कोणत्या नियमात लिहिलंय? शिवम तरी बिचारा काय करणार? तो म्हणाला, "आम्ही दीड चौरस मीटरला एक माणूस धरतो."

"तेवढ्यात आमच्याकडं पंगत बसते. अन् कडेवरचं पोट्टं मोजतं का?"

"मोजायचं. त्यालाही बाहेर काढावं लागतं."

"माह्या सासूले पळताच येत नाही. तिले तरी कमी कर."

"पळता येत नाही म्हणूनच दार पाहिजे, काका."

किसनरावांचं डोकंच फिरलं. "लग्नात येणाऱ्याची सोय पाहतेत लोक. हा जाणाऱ्याची पाहून राह्यला."

पोरगं बरोबर बोलत होतं. पण बरोबर बोलणाऱ्याचाच माणसाला जास्त राग येतो, त्याला इलाज नाही. त्या तिथीला दुसरं कार्यालय मोकळं नव्हतं. दार पाडणं भाग होतं, आणि ते फक्त मागच्या भिंतीला पडू शकत होतं.

खरी पंचाईत तिथेच होती. भिंतीपलीकडचं आवार पुंजाजींचं, भिंतीला लागूनच त्यांच्या पऱ्हाट्या, म्हणजे सरपणासाठी कपाशीच्या वाळक्या काड्या रचलेल्या. पुंजाजी म्हणजे किसनरावांचे सख्खे थोरले भाऊ. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची बाभूळ कोणी तोडली, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं तेव्हा जयमाला दप्तर घेऊन शाळेत जायची. त्यात किसनरावांनी रागाच्या भरात अख्ख्या गावाला चूलबंद दिलं आणि सख्ख्या भावाला 'घरटी एक'. म्हणजे घरातून एकानं यायचं, जेवायचं आणि चालू पडायचं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा.

मोईज किसनरावांना ओढतच पुंजाजींकडे घेऊन गेला. एकाच बाजेवर दोन टोकांना दोन भाऊ बसले, मध्ये मोईज.

"मोईज, त्याले सांग, मागून दार काढाचं हाये. तिथल्या पऱ्हाट्या उचल म्हणा."

"मोईज, त्याले इचार, मले घरटी एक, अन् त्याच्या लोकाले पळाले माहं आवार?"

"त्याले सांग, आग लागली तरच येतीन लोक."

"म्हंजे आग लागल्याबिगर माह्या अंगणात पाय ठेवाचा नाही, असं ठरवलं काय त्यानं?"

मान इकडून तिकडे फिरवून मोईज कावला. "अरे, सख्खे भाऊ तुमी, मी काऊन मधात मरून राह्यलो?"

"चूलबंद देत असंन तर दार पाड म्हणा," पुंजाजी म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"देलं म्हणा," किसनराव दातओठ खात म्हणाले.

भिंत फुटली, बाहेर उघडणारं दार बसलं, पऱ्हाट्या हलल्या. पंगती पुंजाजींच्या आवारात, हॉलमध्ये मोजकीच माणसं, या अटीवर शिवमनं परवानगी दिली. त्याचा कोणावरच विश्वास नव्हता, म्हणून लग्नाच्या दिवशी तो स्वतः मागच्या दारात उभा राहिला.

पुंजाजींच्या घरचे सगळे पुढे जाऊन बसले होते. पुंजाजी मात्र सकाळपासून आचाऱ्यांच्या मागे होते. अंतरपाट धरला तसे ते हात पुसत मागच्या दाराशी आले. शिवमनं हात आडवा घातला.

"काका, हॉल भरला. आणि हे बाहेर पडायचं दार आहे."

किसनराव ते पाहून तरातरा मागे आले. "कोणाले आडवून राह्यला बे? नवरीचा मोठाबाप हाये तो."

"एक माणूस जास्त होतो, काका."

"मंग मी जातो बाहेर. घे त्याले आत." आणि किसनराव खरोखरच उंबरा ओलांडून बाहेर आले.

पुंजाजी भडकले. "पोरीचा बाप मांडवाबाहेर उभा राह्यते काय बे? चाल आत."

"तू जाय. थोरला तू हायेस."

"आता थोरला? घरटी एक पाठवताना काय मी धाकला होतो?"

"चुकलं माहं. जाय ना आता."

"एवढं म्हणाले इतके वर्ष लागले तुले?"

"अन् बाभूळ तोडली कोणं?"

मांडवातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मोईज सवयीनं मध्ये पडायला उठला, पण आपलं तिथं काही काम नाही हे पाहून परत बसला. शिवमचा हात तसाच आडवा होता आणि दोघे भाऊ त्याच्यावरून एकमेकांवर ओरडत होते. भटजींनी आवाज चढवला, तरी भांडणच जास्त ऐकू येत होतं.

"भटजी, थांबा जरा," अंतरपाटाआडून जयमाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"ताई, मुहूर्त टळून राह्यला."

"टळू द्या. बाबा अन् मोठेबाबा बोलून राह्यले."